परत आलेलं खोकं

मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत, गाळा नंबर एकशे सतरा.
कुरिअरवाला खोकं टाकून गेला.
वर रणातली पांढरी धूळ,
आत एकेचाळीस कनेक्टर,
निम्मे मेलेले.

एकेक उघडत जाते.
हा मिठाने गेला. पितळेत ताक कळकावं
तशी पीन हिरवी.
हा ट्रकखाली आला, चपटा, तरी ओळखू येतो.
ह्याच्या रबरी कड्याखाली वाळूचा एक कण बसला,
कणाने वाट दाखवली
आणि मागून पाणी शिरलं.

तिकडे भोकात सुरुंग उडतो,
हादरा खाली जातो, दोन-तीन किलोमीटर,
कुठल्यातरी थराला टेकून परत फिरतो,
आणि जिओफोनपाशी पोचेतो इतका थकलेला असतो
की पिनेवरचा हा हिरवा ठिपकाही त्याला डोंगर.
कळकलेली पीन गप्प राहिली तर एकवेळ परवडलं.
ती स्वतःचंच काहीतरी पुटपुटते,
आणि लांब ऑफिसात पडद्यासमोर बसलेला कुणी
ते जमिनीचं समजून वाचतो.

बाजारात कनेक्टर नर आणि मादी.
आमचा तसा नाही. दोन्ही तोंडं सारखी,
अर्ध्या पिना, अर्धी भोकं, कुठलंही टोक कुठल्याही टोकाला,
अंधारात कोण बघत बसणार?
पहिल्यांदा ड्रॉइंग दाखवलं तेव्हा
लेथवरचे रणछोडभाई पंचाल हसले होते,
"मग उल्काबेन, मानपान कोणाचं करायचं?"

चौतिसावा.
टोपणावर दातांचे व्रण, दोन कमानी, खोल.
वहीत लिहिलं: कोल्हा.
मग राहवेना, व्हर्नियर लावला.
सुळ्यापासून सुळ्यापर्यंत पस्तीस मिलीमीटर.
एवढं रुंद तोंड कोल्ह्याचं नसतं.

कॅम्पचा फोन तिसऱ्या दिवशी लागला.
केबल ओढणाऱ्या टोळीतले वेजाभाई रबारी,
मागे वारा, आणि कुणीतरी खोकत होतं.
"दाताने उघडीए छीए, बेन.
पहाटे चारला बोटं कुठे असतात?
ती ऊन पडल्यावर येतात."

शहाण्णव तास मिठाच्या फवाऱ्यात ठेवला होता मी तो.
दोन टनांखाली दाबला, मीटरभरावरून फरशीवर टाकला,
यंत्राने पाचशे वेळा उघडला, मिटला.
यंत्राला गारठा वाजत नाही.

गेटाबाहेर बर्फगोळ्याची गाडी असते.
बादलीभर बर्फ घेतला,
मी आणि रणछोडभाई मनगटापर्यंत हात बुडवून
दहा मिनिटं. शिपाई घड्याळ धरून उभा.
मग टोपण.
माझं फिरेना. त्यांचं फिरेना.
चाळीस वर्षं लोखंड फिरवलेला हात
टोपणावरून घसरतो, घसरतो,
आणि ते स्वतःच्या बोटांकडे असे बघतात
जणू कुणी उसनी नेलीत.

गोळेवाला गंमत बघत होता.
"लाओ," म्हणाला. दिवसभर बर्फातच त्याचे हात.
टोपण घेतलं, एकदा चाचपलं,
आणि विचारही न करता
तोंडात घातलं.

त्या संध्याकाळी कंगोरे खोल केले,
भोपळ्याच्या फाकांसारखे,
आटे रुंद, पाव फेऱ्यात उघडेल असे.
पहिले चार नमुने भंगारात.
पाचवा बर्फातून काढलेल्या हातांना उघडला,
पण कड्यातून थेंब आत गेला.
सातवा बरा आहे. बरा, इतकंच म्हणते.
रणात अजून गेलेला नाही.

वहीतला कोल्हा खोडला.
पुढे लिहिलं: वेजाभाई, पहाट, थंडी.
ड्रॉइंगच्या कोपऱ्यात बदलांचा तक्ता असतो,
तारीख, सही, कारण.
कारणाखाली इतरांसारखं काही
'सुलभ हाताळणी' वगैरे लिहिणार होते.
लिहिलं: बोटं.
रणछोडभाईंनी चष्मा वर करून वाचलं,
काही बोलले नाहीत,
लेथचं टूल बदलायला घेतलं.