बोट अडकतं तिथे

दिवाडीच्या फेरीबोटीचा रॅम्प
ज्या बिजागरावर उठतो-बसतो
त्याच्या डाव्या कानाला तडा गेला.
दीड इंच लांब, केसाइतका.
लाल डाय मारली तेव्हा वर आला,
नाहीतर रंगाखाली गप्पच होता.

मला बेतीला बोलावलं. मार्च महिना,
पत्र्याच्या शेडमध्ये एकच पंखा,
तोही वेल्डरकडे वळलेला.
मी लॅपटॉपवर रॅम्प काढला, बिजागर काढलं,
त्यांचे चाळीस हजार तुकडे केले.

तुकड्यांचं एक बरं असतं:
अख्ख्या बोटीची काळजी कुणालाच नसते.
ज्याला त्याला आपले शेजारी तेवढे ठाऊक.
हा सरकला तर तो किती ओढला जाईल
एवढाच हिशेब, बाकी ओळभर शून्यं.
दिवाडीवर बातमी अशीच तर फिरते,
मळारहून पिएदादला, कुंपणावरून कुंपणावर,
आणि दिवेलागणीपर्यंत बेटाला सगळं कळलेलं असतं.

मग भार ठेवला:
दोन टेंपो, अठरा स्कूटर, सायकलवर पाव घेऊन पदेर.
आणि धक्क्यावर टेकणाऱ्या टोकापाशी लिहिलं:
हलत नाही.
कुठेतरी हे लिहावंच लागतं.
एक तरी जागा हलत नाही असं मानलं नाही
तर गणित सुटत नाही,
सगळा सांगाडा पडद्यावरून तरंगत निघून जातो.

कानाच्या आतल्या कोपऱ्यात ताण आला एकशे नव्वद.
म्हणजे ठीक. तुकडे बारीक केले: दोनशे साठ.
आणखी बारीक: तीनशे ऐंशी.
वाटाण्याएवढे, तांदळाएवढे, रव्याएवढे,
मी जितकं जवळून पाहीन
तितकं दुखणं वाढत होतं.
“यातला खरा आकडा कोणता?” केंकरेसाहेबांनी विचारलं.
इतक्या धारदार कोपऱ्याला खरा आकडा नसतो, मी म्हणाले.
त्यांनी वहीचं टोपण लावावं तसं तोंड मिटलं.

रुझार फिटर जमिनीवर बसला होता,
काढलेला कान मांडीवर घेऊन.
“हांगा बोट अडकता,” तो म्हणाला.
मला वाटलं फेरीबोटीचंच सांगतोय.
मग त्याने माझं बोट धरलं,
कडेवरून फिरवत कोपऱ्याशी नेलं.
अडकलं.
चाळीस हजार तुकडे हेच सांगत होते,
फक्त ओरडून.

नव्या कानाला आम्ही कोपऱ्यात
दहा मिलिमीटरची गोलाई दिली.
ताण एकशे सत्तर.
तुकडे बारीक केले, एकशे एकाहत्तर,
आणि मग तो तिथेच बसून राहिला.
रुझारने अर्धगोल कानस घेतली,
दुपारभर घासत होता,
मधूनच डोळे मिटून बोट फिरवत.

सोमवारी ओहोटीला मी मुद्दाम पलीकडे गेले.
रॅम्प उतरला. आधी डावा कोपरा टेकला;
उजवीकडचा चिरा पाण्याने खाल्लेला.
क्षणभर सगळं ओझं एकाच कानावर,
मग धाडकन उजवी बाजू.
पदेराने भोंपू वाजवत सायकल काढली
आणि त्याच्या चाकाखाली
धक्क्याचा दगड किंचित डुलला.

मी रुझारला फोन लावला:
“धक्को हालता?”
पलीकडे कानशीचा आवाज थांबला.
“तें सगळ्यांक खबर आसा, बाय.”