चाकाचा आऊट

इलाहीमामूंनी आधी सायकलीकडं बघितलंच नाही.
विचारलं, बोजा काय घालणार?

पेटी, म्हटलं. एक, कधी दोन.
कानस, सरस, भात्याचं चामडं,
डबीत सुटे सूर, कापसात गुंडाळलेले.
पाणी, भाकरी आणि एक जोड कपडे,
कारण जतेकडच्या भजनी मंडळांची पेटी
एका दिवसात कधी दुरुस्त झालेली नाही.

रस्ता?
मिरज ते ढालगाव, पुढं जत. वर्षातून दोनदा उमदी.

मग ते उकिडवे बसले
आणि वडिलांच्या काळ्या बावीस इंचीचं पेडल
उलटं फिरवून नुसतं ऐकत राहिले.
“हिला कुणीतरी फकस्त मिरवलंय.”
खरं होतं. वडील स्टेशनपर्यंत जायचे,
घंटी वाजवत परत यायचे.

भाच्यानं सुचवलेल्या एकवीस गिअरांचं
सगळं ऐकून घेतलं मामूंनी, पान थुंकून म्हणाले,
“उमदीत गिअर मोडला तर तितं कोण हाय?
म्हशीचा डॉक्टर.”

“आन् चढ न्हाई म्हणून निवांत ऱ्हाऊ नगं.
आपल्याकडं घाट आडवा असतोय. वारा.
आषाढात जतेहून परत येताना
पवनचक्क्या गरगरायला लागल्या की समज,
आता घाट लागला.”
पुढचं दातेरी चाक धाकटं आणलं,
मागं चोवीस दात्यांचं फ्रीव्हील.
पळणार न्हाई, म्हणाले. थांबणार बी न्हाई.

टायर रुंद, हवा बेताची, सुरांना दणके नकोत म्हणून.
कॅरिअर वेल्डरकडून करवून घेतलं,
दोन्ही अंगांना खाली उतरलेलं, ॲक्सलच्या जवळ,
वर ठेवलेलं ओझं वळणावर तोंड उघडतं म्हणे.
मडगार्ड लांब. हँडल बोटभर वर.
सीटवरून मात्र आमचं भांडण झालं.
मला दोन्ही पाय टेकायला हवे होते.
“पाय टेकायचा तर खाली उतर की!
सीट पाय मारण्यासाठी असती.”
त्यांनी वर केली, मी खाली,
शेवटी चहा आला तेव्हा त्यांचीच उंची राहिली.

मग मागचं चाक. चाळीस तारा.
रिम फिरवत, खडूचा तुकडा धरून ते आऊट काढत होते
आणि जाता जाता प्रत्येक तार नखानं छेडत होते.
मी गप्प बसायचं ठरवलं होतं.
“मामू, ही उतरलीय.”
त्यांनी वर बघितलं. चावी पाव फेरा.
“आता?”
अजून केसभर.
“आता?”
आता बरोबर. पण ही पलीकडची सगळी बाजूच उतरलीय,
ती वर घेऊ या, दोन्ही एकात मिळतील.

ते हसले नाहीत. चाक माझ्या मांडीवर ठेवलं.
“हिकडं फ्रीव्हील बसलंय, जागा कमी. म्हणून ह्या तारा ताणलेल्या.
तिकडच्या ढिल्याच ऱ्हानार.
मिळवून बघ तुझ्या हातानं.”

मिळवल्या. कानाला छान लागलं.
चाक फिरवलं तर रिम चिमट्याला घासून
दर फेऱ्याला एकदा खरखर करू लागली.
पुन्हा सोडवायला मला संध्याकाळ पुरली.
शेवटी दोन बाजूंचे दोन सूर, रिम सरळ,
फक्त पोस्टकार्ड जाईल एवढा आऊट राहिला.
“तेवढा असू दे,” म्हणाले, “रस्ता तरी कुटं सरळ हाय.”

दुसऱ्या दिवशी मागं एक पेटी बांधून
भोशापर्यंत गेले, दंडोबाच्या पायथ्याला वळसा, परत.
मामू दुकानाच्या फळीवर वाट बघत होते.
“वाजव.”
मी भाता मारला. पांढरी एक, पांढरी दोन, तीन,
काळी दोन जराशी बसलेली.

“सायकलीनं?”
न्हाई मामू, म्हटलं, ती आधीपासूनच.

आधीपासून होती का, ते मला आठवत नाही.
गुरुवारी उमदीला निघायचंय.
निघण्याआधी एकेक सूर वहीत लिहून ठेवीन.