पंचनामा

पोलीस आले तेव्हा मिग्दालिया तांदूळ धूत होती.
त्यांनी मोजल्या : कॅसेटी एकशे बारा,
दोन खणांचा टेपरेकॉर्डर एक,
पेन्सिल एक, फीत गुंडाळायची, चावलेली.
ठोका कुणी लिहून घेतला नाही.
तो एलियुदच्या बोटांत राहिला,
बेड्या पडेपर्यंत टेबलाच्या कडेवर :
धुम् — त-धुम्-तक्
धुम् — त-धुम्-तक्
लंगड्या माणसानं जिना उतरावा, पण घाईत.

कुठून आणलंत हे? साहेब म्हणाला.
आजोबा एग्बर्ट खुर्चीतूनच बोलले :
माझ्या बापाबरोबर आलं असेल.
तो जमैकाहून पनामाला गेला, कालवा खणायला.
गोऱ्यांचा पगार सोन्यात, आमचा चांदीत.
मग हे कोलोनच्या बसमध्ये स्पॅनिश शिकलं,
न्यूयॉर्कला कुणाच्या तरी तळघरात कुडकुडलं,
आणि सान हुआनला येऊन
आमच्या वस्तीच्या जिन्यात बसलं.
कुठल्या बंदरात परत पाठवणार?

साहेबानं लिहिलं : अश्लील.

खरं सांगायचं तर
मिग्दालियालाही ते शब्द पटत नसत.
त्या गाण्यांत ती कंबर होती, फार तर मांडी.
तिची रात्रपाळी, तिचा दमा,
बसला लागणारी सुट्टी नाणी
एकाही ओळीत नव्हती.
भावाशी ती यावरून आठवडाभर अबोल होती.
तरीही बूट जिन्यावर वाजले तेव्हा
तिनंच तांदळाच्या डब्यात, कोपरापर्यंत हात घालून,
एक कॅसेट तळाशी पुरली होती.
आणि साहेबाला विचारलं होतं, जेवून जाणार?

आता ती समुद्राकाठच्या हॉटेलात फरशी पुसते.
छतातून तोच ठोका झिरपतो,
आंघोळ घातलेला, अत्तर लावलेला.
पाहुणे नाचतात, पाऊल चुकीच्या जागी पडतं.
मागच्या महिन्यात एका लग्नात तोच साहेब दिसला,
निवृत्त, नातीचे हात धरून,
गुडघे दुखेपर्यंत.
तिनं ओळख दिली नाही. हसली मात्र.
एलियुद ऑर्लँडोत ट्रक चालवतो.
पैसे दुसऱ्यांनी केले.
नव्या पोरी आता स्वतःच गातात,
कंबर माझी, म्हणतात, हिशेबही माझा.
तिला त्यातलं निम्मं कळतं, निम्मं आवडतं.

ती कॅसेट वाजत नाही.
कानाशी धरून हलवली
की आत तांदळाचा एक दाणा खुळखुळतो,
तालात नाही.