निव्वळ वजन

सावद्याच्या बाहेर, रावेरच्या रस्त्याला आमचा वजनकाटा.
केळीचा ट्रक आधी रिकामा मोजायचा, मग भरलेला,
मधला फरक म्हणजे माल.
मी खिडकीत बसते, पावत्या फाडते.
कुणी मला बेन म्हणतो, कुणी दीदी, कुणी अक्का.
वीज गेली की काटा आंधळा होतो,
मग ट्रक रांगेत
आणि ड्रायव्हर आप्पांच्या खाटेभोवती.

त्या रात्री अडीच तास गेली होती.
मी म्हटलं, पोटात कावळे ओरडतायत.
गोंड्याचा रामसमुझ दचकला. कावळे? पोटात?
हमारे यहाँ तो चूहे कूदते हैं.
सुरतेचे रमणीकभाई म्हणाले, आमच्यात बिलाडां बोलतात.
मांजरं.
सगळ्यांनी एकदा आपापल्या पोटाकडे पाहिलं.
आप्पांनी हिशेब मांडला:
"मंग तिघांनी एका ताटात बसू नका भो.
याची मांजर त्याचा उंदीर खाईन,
उरलंसुरलं आपला कावळा."

शेवभाजी आली.
रमणीकभाईंनी तिच्यात साखर कालवली
आणि आप्पांच्या तोंडून गेलंच,
गाढवाला गुळाची चव काय!
रामसमुझ म्हणाला, गाढव नाही, बंदर. आणि गूळ नाही, अदरक.
अनंतपूरचा ओबुलेसू तोवर गप्प होता.
गाढवच, तो म्हणाला, पण चंदनाची पूड.
त्याचा क्लीनर सेंदिल म्हणाला, कापूर.
मागच्या ट्रकमधून हुबळीच्या कुणीतरी
न उतरताच कस्तुरी टाकली.

मी अंधारात पावतीच्या पाठीवर लिहीत होते:
गूळ, चंदन, कापूर, कस्तुरी.
एवढा महागाचा माल वाहतंय बिचारं,
आणि एकाही भाषेत कुणी विचारलं नाही,
बाबा, तुला वास आवडला का?

"अक्का," ओबुलेसू म्हणाला,
"मागे सोळा टन केळी.
पोरांना मात्र डझनावर विकत घेऊन नेतो."

मग थोडा वेळ नुसत्या बोटं चाटण्याचा आवाज.

वीज आली. ट्रक काट्यावर चढला.
सेंदिल फळीवर उभा, गाल फुगवून,
श्वास रोखून,
मालकाचं तेवढंच वजन वाचावं म्हणून.
आप्पा खाटेवरून ओरडले, "काट्यावर श्वास रोखतो रे!"

हे आमच्या घरातलं. बाहेर कुणी म्हणत नाही.
हळदीच्या आदल्या रात्री
केस काळे करून आलेल्या मामांना आप्पा हेच म्हणाले होते,
आणि मला, दहावीचा निकाल
गादीखाली लपवला तेव्हा.
मी ते हिंदीत सांगितलं, निम्मं हातांनी.
सेंदिल इतका हसला की आकडा हलला,
पुन्हा मोजावं लागलं.

पुढच्या केळीला, म्हणजे चौदा महिन्यांनी,
अबोहरचा बलकार सिंग काट्यावर आला.
व्यापारी आठ किलोंसाठी घासाघीस करत होता.
बलकार खिडकीला टेकला आणि मला म्हणाला,
साड्डे पिंड विच बुजुर्ग कहंदे ने,
कंडे ते साह रोकियां ऊठ हौला नहीं हुंदा.
काट्यावर श्वास रोखून उंट हलका होत नाही.

उंट?
आमच्या घरून निघालं तेव्हा त्यात उंट नव्हता.
कुठल्या ढाब्यावर चढला असेल,
किती जणांच्या मांडीला मांडी लावून,
कुणाच्या तोंडातून कुणाच्या तोंडात,
नाक्यानाक्यांवरून, टोल न भरता.

आप्पा ऐकत होते. खाटेवरून मान डोलावली.
"शहाने लोक हाये भो तिकडचे.
आपल्यात असं काही म्हनत नाही कोनी."

मी त्यांना सांगितलं नाही.
बलकारची पावती दिली,
आणि एक कोरी फाडून स्वतःसाठी भरली:
जाताना रिकामं.
येताना भरलेलं.
निव्वळ, एक उंट.