निवत नाही

ओपीडी नंबर सतराच्या खिडकीत बसून
मी केसपेपर भरते.
नाव, वय, पत्ता, झोप लागते का, भूक लागते का,
कधीपासून.
'कधीपासून'ला हल्ली कुणी महिना सांगत नाही.
म्हणतात, दारातला उंबर तोडला ना, तेव्हापासून.
म्हणतात, मागच्या मार्चपासून. मार्च संपलाच नाही मॅडम.

दमयंती खरटमल, वय बेचाळीस, मानखुर्द.
पत्र्याची खोली, वर पोटमाळा,
पोटमाळ्यावर शिलाई मशीन.
"तवा उतरवला की निवतो तरी.
आमचं घर निवतच नाही रात्रभर."
अडीचला उठते, ओढणी भिजवते,
लेकीच्या पायांवर घालते,
मग उंबऱ्यात बसते.
गल्लीतले सगळे उंबरे भरलेले असतात
आणि कुणी कुणाशी बोलत नाही.
बोललं की घाम येतो.

"परवा पोरीला मारलं मी.
पंखा बंद केला म्हणून नाही.
चालू होता म्हणून. त्याच्या आवाजावरून."

हे मी लिहिलं नाही.
लिहिलं : चिडचिड, तीन आठवडे.

डॉक्टर नवीन आहेत, पोरसवदा,
गोळ्या समजावून सांगतात :
यांच्यावर पाणी भरपूर प्यायचं,
उन्हात फिरायचं नाही, घर गार ठेवायचं.
दमयंती तेव्हा हसली.
तोंडावर पदर न घेता, चांगली खळखळून.
डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं.
मी स्टॅम्पपॅडवर शाईचे थेंब टाकत राहिले.

माझे बाबा कधीच ओपीडीत येणार नाहीत.
कुर्ल्याला तळमजल्यावर होतो तेव्हा
एका दुपारी घरात छातीइतकं पाणी आलं होतं
आणि सकाळी, पंख्याच्या पात्यावर, कुणाची तरी चप्पल.
आता आम्ही चौथ्या मजल्यावर राहतो. लिफ्ट आहे.
तरी पावसाळा आला की
बाबा पलंगाच्या पायांखाली विटा लावतात,
रेशनकार्ड आणि आईचा मृत्यूचा दाखला
तीन पिशव्यांत गुंडाळतात, एकीत एक एकीत एक,
तांदळाचा डबा माळ्यावर चढवतात,
कॅलेंडरवर लाल पेनाने भरती लिहितात :
दुपारी बारा चौवेचाळीस, चार पॉइंट सात.
समोरचे गडकर म्हणाले,
"अहो, इथवर पाणी आलं तर मुंबईच गेली म्हणायची!"
बाबा म्हणाले, "हो.
तेच सांगतोय मी."

गडकर हसले नाहीत. दार लावून घेतलं त्यांनी.

केसपेपरच्या मागच्या बाजूला 'कारण' असा रकाना आहे.
फार जुनी छपाई. घरगुती, आर्थिक, व्यसन, परीक्षा, प्रेमप्रकरण,
आणि शेवटी 'इतर', त्याच्यापुढे
चार टिंबांची जागा.
पंधरा वर्षं मी तिथे काही लिहिलं नव्हतं.
गेल्या गुरुवारी लिहिलं :
रात्र निवत नाही.
डॉक्टरांनी वाचलं. खोडलं नाही.
पुढे एक बारीकशी बरोबरची खूण केली
आणि विचारलं, "तुम्हाला झोप लागते?"
लागते की, म्हटलं. पुढचा नंबर पुकारला.

आता नोव्हेंबर लागलाय.
कॅलेंडरवर काही लिहिलेलं नाही.
विटा निघाल्या, बाबांनीच काढल्या,
बाल्कनीत नीट रचून ठेवल्या.
डबा मात्र माळ्यावरच.
रोज संध्याकाळी स्टूल ओढते, चढते,
दोन वाट्या तांदूळ काढते, झाकण दाबून बसवते.
उतरवायला काहीच हरकत नाही.
पाठ दुखते, शिवाय स्टूलचा एक पाय हलतो.

काल मी डबा हातात घेतला,
क्षणभर धरून उभी राहिले,
मग आणखी आत सरकवला,
पार भिंतीला टेकेपर्यंत.
बाबा खालून बघत होते.
काही म्हणाले नाहीत.
स्टूल तेवढं धरून ठेवलं.