पाऊणपट

अर्जाच्या चौथ्या रकान्याला लाल चांदणी होती:
नौका नोंदणी क्रमांक.
तो भरल्याशिवाय पान पुढे सरकत नव्हतं.

शेवंती खवणेकर आचऱ्याच्या खाडीत
कमरेएवढ्या पाण्यात उभी,
पायाच्या बोटांनी तिसऱ्या चाचपत.
"होडी नाय माज्याकडे," ती म्हणाली,
"पाय आसत. दोन. ते लिव."

टॅब्लेट डोक्यावर धरून मी तिच्या मागे.
विद्यापीठानं प्रकल्पाला दिलेलं नाव इतकं लांब
की फलकावर ते मोडून लिहावं लागलं,
आणि 'सर्वसमावेशक'मधला 'सर्व'
वरच्या ओळीत एकटाच राहिला.

आम्ही चौघं:
संगणकशास्त्राची निगार सोलकर,
कायद्याचे डिमेलो सर, बूट हातात,
जीवशास्त्राचा एक अबोल मुलगा,
ज्याला तिसऱ्यांचं लॅटिन नाव ठाऊक, कालवण नाही,
आणि मी, प्रश्न विचारायला.

कामाची वेळ? किती ते किती?
बायका इतक्या हसल्या की पाणी हललं.
"आज काय, पंचमी.
पाचाची पाऊणपट पावणेचार, तेवा भरती.
तेच्या आदी सा तास सुकती.
फाल्या आनी पाऊण तास फुडे."
निगारनं ते वहीत लिहिलं, खोडलं, परत लिहिलं.

रात्री लॉजवर दिवे गेले होते.
मोबाइलच्या उजेडात तिनं
अर्जातलं घड्याळ काढलं आणि तिथी बसवली.
चांदणीही पुसली.
"अब्बा दाभोळला हेच गणित करायचे," म्हणाली,
"मी बंगळुरात चार वर्षं ते विसरत होते."

मग नकाशा.
तिसऱ्या मिळतात तिथे बोट ठेवा.

कुणी ठेवलं नाही.
ओले हात पदराला पुसत
बायका खाडीकडे बघत राहिल्या,
जणू ती आत्ताच कुठून तरी आली होती.
शेवटी शेवंतीच:
"आज तुज्या टॅबात टिकली लावतंय,
फाल्या थंय रेतीवाल्यांचो पंप येतलो.
जा आमका म्हायत, ता आमच्याकडेच ऱ्हवांदे."

विभागात परतलो तेव्हा त्रेसष्ट रकाने रिकामे.
यंत्र म्हणालं: माहिती गहाळ.
मार्गदर्शक म्हणाले: सरासरीनं भरा.
डिमेलो सर, जे बैठकीत सहसा डुलक्या काढतात,
चष्मा शोधत म्हणाले,
"गहाळ नाही. नकार आहे.
हरवणं वेगळं आणि न देणं वेगळं."
दुपारभर वाद. दोनदा चहा.
संध्याकाळी यादीत एक पर्याय वाढला:
माहीत आहे, सांगणार नाही.
आमचं तीन वर्षांचं संशोधन, खरं सांगायचं तर, एवढंच.

उरलेली दोनशे पानं घेऊन मी आचऱ्याला गेले.
धाकट्या जावेनं ओट्यावर बसून वाचलं,
अडखळत, बोट ओळीखाली सरकवत:
सहभागी क्रमांक सात यांच्या मते...
"ही सात नंबर कोण?"
तुम्हीच.
"मगे नाव खंय गेला माजा?"

मी सांगितलं: नैतिकतेचा नियम असतो,
ओळख लपवायची, तुमच्याच भल्यासाठी.
तिनं पान उलटून पाहिलं,
मागच्या बाजूला असेल म्हणून.
"जागा लपव म्हटलंय. माका नाय."

माझ्याच पेनानं तिनं सातावर काट मारली
आणि समासात नाव लिहिलं,
वेलांटी इतकी मोठी
की ती पुढच्या परिच्छेदात शिरली.

समितीला काय कळवायचं, मी अजून ठरवलेलं नाही.
त्या दिवशी दशमी होती.
दीडच्या सुमारास पाणी उतरलं,
ती टोपली घेऊन निघाली,
आणि कुठे, ते मी विचारलं नाही.