बसण्याचा धातू

हेल्वे कांगूर पियानो लावते,
तार्तू गावात, एकतीस वर्षं झाली.
गावातून नदी जाते, एमायोगी.
त्यातल्या ‘योगी’चा अर्थ तिच्या भाषेत
नुसता नदी.
मला हसू आलं, तर ती म्हणाली,
हसू नकोस, हिवाळ्यात ये,
तीन महिने जागची हलत नाही ती.

हेल्वे अकरा वर्षं आसनं करायची.
चटईवर खडूच्या खुणा:
पाऊल इथे, तळहात तिथे.
मग शाळेच्या जिन्यात एक पियानो घसरला
आणि उजवा गुडघा कामातून गेला.
तिचा शिक्षक उर्मास म्हणाला,
शरीराचं पुष्कळ ऐकलंस, आता वाच.

गुरुवारी संध्याकाळी, वाचनालयाच्या मागच्या खोलीत
चौघं जमतात. चाळीस वर्षं लॅटिन शिकवलेली लेइदा,
जंगलात झाडं मोजणारा ताव्ही,
उर्मास, आणि ही.
करवंदासारख्या कसल्याशा फळाच्या पानांचा चहा,
राईचा पाव,
एका जुन्या पोथीची छायाप्रत,
कडेला कुण्या मेलेल्या जर्मनाच्या पेन्सिलीच्या टिपा.

हेल्वेने आधी आसनं शोधली.
पानं उलटली, परत उलटली.
गुडघ्याबद्दल अवाक्षर नाही.
पाठीचा कणा एकदा, तोही
ताठ असावा एवढ्यापुरता.
चिडली. एवढी मर मर केलेलं शरीर
आणि पोथीत त्याचं दारातलं पायपुसणं?

विभक्त्यांचं तिला काही वाटलं नाही.
संस्कृतात आठ, तिच्या घरी चौदा.
लिंगांनी मात्र छळलं.
मन नपुंसक का, बुद्धी बाई का,
तिच्या भाषेत तो आणि ती मिळून एकच शब्द.
भविष्यकाळही नाही,
उद्याचं सगळं आजच्याच क्रियापदात.

मग धातू आला.
ताव्हीने कोश चाळून विचारलं,
धातू म्हणजे शब्दाचं मूळ, की लोखंड, तांबं?
दोन्ही, म्हणाली लेइदा.
हेल्वेने आपली बोटं पाहिली:
पोलादाच्या तारांनी पडलेले घट्टे,
खर्जाच्या तारांवरल्या तांब्याचा हिरवट डाग.

आसनाचा धातू आस्.
कोशात पहिला अर्थ बसणे.
त्याखाली राहणे.
अजून खाली, बारीक टाइपात,
करत राहणे:
दुसऱ्या क्रियापदाशेजारी ठेवला
की ते थांबायचं विसरतं.
अख्खा जानेवारी त्या बारीक टाइपात गेला.

फेब्रुवारीत, उणे एकोणीस,
खेड्यातल्या एका शाळेत तिच्यासोबत गेलो,
हत्यारांची पिशवी धरायला.
थंड दिवाणखान्यात पडून राहिलेला पियानो.
एक तार तुटलेली, तिने नवी घातली,
खुंटी पिळली, सूर चढला,
आणि ती थांबली.
वाजवून पाहिलं. थांबली.
सूर उतरला होता. पुन्हा चढवला.
पुन्हा थांबली.

ओले हातमोजे घातलेली एक मुलगी दारात,
मिर्तेल नावाची.
मोडलाय?
नाही.
मग तुम्ही काय करताय?
इस्तुन, म्हणाली हेल्वे. बसलेय.
मुलीने तिच्याकडे नीट पाहिलं.
हेल्वे उभी होती.

परतताना गाडीत मी माझी भाषा चाचपत होतो.
सूर बसतो, हात बसतो,
गढूळ पाण्यातला गाळ बसतो,
कुणाचा कुणावर विश्वास बसतो.
गळाही बसतो. धक्काही.
किती ठिकाणी ठेवून विसरलो आम्ही हा शब्द.
तिला सांगणार होतो,
पण ती काचेवरचं बर्फ खरवडत होती
आणि गुडघा दुखत असावा,
तोंडाने हलकेच हिशोब चालला होता,
चार मोजून श्वास आत,
किती मोजून बाहेर ते ऐकू आलं नाही.

पुढच्या गुरुवारी पुढचा शब्द.
एकच अक्षर, च.
म्हणजे आणि.
लेइदा म्हणाली, हा सोपा आहे, पुढे जाऊ.
हेल्वेने समोरच्या खुर्चीवर पाय लांब केला,
चहाचा कप बाजूला सारला,
वहीचं कोरं पान काढलं.
थांबा जरा, म्हणाली.